लाकडाला तेल पाजताना

जुन्या लाकडी वस्तूला नवे रूप द्यायचे म्हटले की आपल्याकडे पहिली आठवण होते ती ऑइल पेंटची. एक डबा, एक ब्रश आणि एक मोकळी दुपार एवढ्यावर काम भागते आणि दार चकाकू लागते. दोन पावसाळे उलटले की त्याच दाराला पोपडे धरतात, पोपड्यांवर पुन्हा रंगाचा हात फिरतो, आणि काही वर्षांनी आत सागवान आहे की आंबा हे घरच्या माणसालाही सांगता येत नाही. आपल्या विद्यालयातील जुन्या बाकांवर असे किती थर चढले होते, हे ते खरवडताना दिसले. सर्वांत वर तपकिरी, त्याखाली हिरवा, त्याखाली राखी, आणि सर्वांत खाली उत्तम प्रतीचे सागवान. हे लाकूड पुन्हा रंगाखाली गाडायचे नाही, त्याला तेल पाजायचे, असे आम्ही ठरविले. तेव्हापासून बाकांवरून हात फिरविणारे माजी विद्यार्थी आणि पालक एकच प्रश्न विचारतात, “हे पॉलिश कोणते?” त्याचे उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नाही, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर लिहीत आहोत.

हे पॉलिश म्हणजे जवसाचे तेल. भंडारा जिल्ह्यातील वाचकांना जवसाची ओळख करून देण्याची गरज नाही. धानाच्या बांधीत पीक उभे असतानाच, कापणीच्या थोडे आधी, ओल्या मातीत लाखोळी किंवा जवस फेकून उतेरा घ्यायचा ही आपल्या भागाची जुनी रीत आहे. धान निघाले की उरलेल्या ओलीवर जवस वाढतो आणि थंडीत बांध्या निळ्या फुलांनी भरतात. जवसाची चटणी आपल्या ताटात असते, आणि घाणीचे जवस तेल विदर्भात अनेक घरांत खाण्यातही होते. जवसाच्या वाणांवर नागपूरच्या कृषी महाविद्यालयात दीर्घकाळ काम झाले आहे. एनएल-९७, पीकेव्ही एनएल-२६० ही नावे शेतकरी पालकांच्या परिचयाची असतील. जे बी आपण वाटून खातो, त्याच बियांचे तेल जगभर सुतार आणि चित्रकार शतकानुशतके वापरत आले आहेत. रंगाच्या दुकानात ते ‘बेलतेल’ या नावाने मिळते. नाव ऐकून अनेकांना ते बेलफळाचे वाटते. ते जवसाचेच असते.

मग प्रश्न येतो की तेल तर सर्वच तेल आहे, खोबरेल का नको? याचे उत्तर समजले की पुढील सारी कृती आपोआप समजते. काही तेले सुकतात, काही कधीच सुकत नाहीत. सुकतात याचा अर्थ पाण्यासारखी उडून जातात असा नव्हे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू ओढून घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळे तयार होते, आणि पातळ तेलाचा चिवट, घट्ट पापुद्रा बनतो. म्हणूनच सुकलेल्या तेलाचे वजन घटत नाही, उलट वाढते. कोणत्या तेलात ही शक्ती किती आहे हे रसायनशास्त्रात आयोडीन मूल्यावरून ओळखतात. खोबरेलाचे मूल्य १० च्या आसपास, भुईमुगाचे ९० च्या आसपास, करडईचे १४५ च्या जवळपास आणि जवसाचे साधारण १८०. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा लिनोलेनिक आम्लाचा असतो, आणि तेच प्राणवायूशी सर्वांत लवकर जोडले जाते. खोबरेल किंवा मोहाच्या टोळंबीचे तेल लाकडाला लावले तर चार दिवस तेज येते. पण ते ओलेच राहते, धूळ धरते आणि कालांतराने खवट वास मारू लागते. बैलगाडीच्या कण्याला ते चालेल, वही ठेवायच्या बाकाला चालणार नाही.

सुकणाऱ्या तेलाचा हा गुण माणसाला फार पूर्वी कळला होता. अफगाणिस्तानातील बामियान येथील बौद्ध लेण्यांच्या भित्तिचित्रांचे नमुने फ्रान्समधील ग्रेनोबल येथील प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले गेले, आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले की त्यांतील काही लेण्यांत सातव्या शतकाच्या सुमारास सुकणारी तेले मिसळून रंगविलेली चित्रे आहेत. ती तेले अक्रोडाची किंवा खसखशीची असावीत असा अभ्यासकांचा कयास आहे. तैलचित्रण युरोपात जन्मले अशी समजूत होती. त्याआधी कित्येक शतके अनाम बौद्ध चित्रकार हे तंत्र जाणत होते.

दुकानात जवसाचे तेल दोन प्रकारचे मिळते. कच्चे तेल सुकायला फार वेळ घेते. आपल्या हवेतही कित्येक दिवस, पावसाळ्यात आठवडे. ‘डबल बॉइल’ म्हणून जे विकतात ते तापवून त्यात कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंचे क्षार घातलेले असते. ते एक-दोन दिवसांत सुकते. जुने कारागीर तेल कढविताना त्यात मुरदाडशिंग टाकीत. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे भस्म. शिसे मुलांच्या मेंदूला आणि वाढीला घातक आहे, हे आता निर्विवाद आहे. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये असे बंधन घातले. तेव्हा कोणी जुन्या पद्धतीने कढविलेले सुटे तेल स्वस्तात देऊ केले तरी ते घेऊ नये. जुना रंग खरवडतानाही हेच भान हवे. कोरडा रंग घासून त्याची धूळ उडवू नये. पृष्ठभाग ओला करून खरवडावा, नाकातोंडाला मुसके बांधावे आणि ते काम मुलांपासून दूर करावे. आमच्याकडे रंग काढण्याचे काम विद्यार्थ्यांना दिले नाही. त्यांचा सहभाग पुढे, तेलाच्या टप्प्यावर.

आता लाकूड. सागवानात स्वतःचेच तेलकट द्रव्य असते, आणि ते बाहेरून लावलेल्या तेलाच्या आड येते. म्हणून घासून झाल्यावर, तेल लावण्याच्या थोडे आधी, स्पिरिट लावलेल्या स्वच्छ फडक्याने सागवान एकदा पुसून घ्यावे. फडके पिवळसर होते, तेच ते द्रव्य. बिजा आणि ऐन यांना याची गरज आम्हांला भासली नाही. आंबा अधाशासारखे तेल पितो, आणि तेही सर्वत्र सारखे नाही, म्हणून त्यावर डाग दिसतात. त्याला पहिला हात पुष्कळ पातळ द्यावा.

घासण्यासाठी काचकागद जाड दाण्यापासून बारीक दाण्याकडे न्यावा: ८०, मग १२०, मग १८०, शेवटी २२०. मधला टप्पा गाळला तर ८० नंबरचे ओरखडे तसेच राहतात, आणि कोरड्या लाकडावर ते दिसतही नाहीत. तेलाचा हात फिरला की मात्र एकेक ओरखडा वर येतो. घासणे नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. १८० नंतर ओल्या फडक्याने लाकूड हलके पुसावे. सुकल्यावर हाताला बारीक कूस लागते; ती २२० ने उतरवावी. हा एक टप्पा बहुतेक जण टाळतात आणि मग तेल लावल्यावर लाकूड खरखरीत का लागते म्हणून विचारतात.

बाके घासताना एक पेच उभा राहिला. अनेक बाकांवर कर्कटकाने कोरलेली नावे होती, काहींवर आडनावांसह, काहींवर नुसती आद्याक्षरे, एका बाकावर दहावीच्या वर्षासह संपूर्ण तुकडी. काहींचे म्हणणे पडले की हे विद्रूपीकरण आहे, आता निघते आहे तर निघू द्या. दुसऱ्यांचे म्हणणे असे की वसतिगृहात ज्याच्याजवळ पेटीएवढीच जागा स्वतःची होती, त्या मुलाने आपले नाव कुठे लिहावे? शेवटी तोडगा लाकडानेच दिला. खोल कोरलेले नाव काढायचे तर फळीची जाडी घटवावी लागते, आणि तितके सागवान रंध्याखाली घालविणे कोणालाच पटेना. म्हणून वरवरचे ओरखडे आणि शाईचे डाग गेले, खोल नावे राहिली. तेल अशा खाचांत साचून गडद होते, त्यामुळे ती नावे आता पूर्वीपेक्षा स्पष्ट वाचता येतात. याचा आनंद मानावा की संकोच, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तेल लावायला ब्रश लागत नाही. लागते ती पोटली. धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचा वीतभर तुकडा घ्यावा, मध्ये मूठभर कापूस किंवा त्याच कापडाच्या चिंध्या ठेवाव्यात आणि चारी टोके मागे पिळून धरावीत. तळ सपाट, सुरकुती नसलेला हवा. नवे कापड घेऊ नये; त्याला खळ असते आणि ते तेल नीट धरत नाही. साडी सुती असेल तर उत्तम, पण आजकालच्या बहुतेक साड्या सिंथेटिक असतात; त्या तेल पसरवितात, शोषत मात्र नाहीत. बनियनचे कापड पुसण्यासाठी सर्वांत चांगले. पहिल्या हातासाठी बेलतेल आणि टर्पेंटाइन समभाग घ्यावे. टर्पेंटाइनमुळे तेल पातळ होऊन लाकडात खोल जाते. पोटली तेलात बुडवून फळीवर गोल गोल फिरवावी, मग रेषांच्या दिशेने ओढून घ्यावी. या वेळी तेलाची कंजुषी करू नये. लाकूड जिथे पिऊन कोरडे दिसेल तिथे पुन्हा द्यावे. फळीची टोके, म्हणजे जिथे तंतू आडवे कापले गेले आहेत तो भाग, मधल्या भागाच्या कितीतरी पट तेल पितो.

पंधरा-वीस मिनिटे थांबावे. त्यानंतर जे करायचे त्यावर सारे अवलंबून आहे: वर राहिलेले सर्व तेल कोरड्या कापडाने पुसून काढावे. थोडे नव्हे, सर्व. नवख्या माणसाला हे पटत नाही. इतके पैसे घालून आणलेले तेल पुसून टाकायचे? पण तेलाचे काम लाकडाच्या आत आहे; वर राहिलेला जाड थर बाहेरून साय धरतो आणि आतून चिकटच राहतो. त्यावर धूळ बसते, मुलांच्या वह्या चिकटतात, आणि मग लोक तेलालाच दोष देतात. चिकट झालेले बाक आमच्याकडे दाखवायला ज्यांनी ज्यांनी आणले, त्या प्रत्येक ठिकाणी पुसण्यात कसूर झालेली होती. पुसल्यावर तासाभराने पुन्हा एकदा पाहावे. सागवानाच्या रंध्रांतून तेलाचे बारीक थेंब वर येतात, ते टिपून घ्यावेत.

दुसरा हात कधी द्यावा हे दिनदर्शिकेने ठरवू नये. भंडाऱ्याच्या मे महिन्यात एका दिवसात लाकूड तयार होते. ऑगस्टमध्ये तीन दिवस थांबूनही बोटाला ओल लागते. स्वच्छ पांढरे कापड जोराने दाबून पाहावे. डाग उमटला नाही आणि तेलाचा तीव्र वास मंदावला, तर पुढे जावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या हातात टर्पेंटाइन कमी, तेलही कमी, आणि पोटली जवळजवळ कोरडी. तीन हात बाकाला पुरतात. दाराच्या बाहेरच्या बाजूला चौथा द्यावा.

घोटाई हा या कामातील सर्वांत आनंदाचा भाग, आणि विद्यार्थ्यांच्या हाती देण्यासारखाही. दुसरा हात पूर्ण सुकल्यावर लाकूड किंचित खरखरीत लागते, कारण सुकताना तेलात धुळीचे कण अडकलेले असतात. ते उतरविण्यासाठी घासणी लागते, आणि इथे घासणी-घासणीत फरक आहे. स्वयंपाकघरातील हिरव्या घासणीत घासण्याचे कण मिसळलेले असतात. ती नवी असताना ओरखडे पाडते, म्हणून भांडी घासून झिजलेली हिरवी घासणी घ्यावी. तशाच विणीची पांढरी घासणी मिळते, तिच्यात कण नसतात किंवा अगदी सौम्य असतात. शेवटच्या हातानंतर तीच योग्य. लोखंडी तारेचा बोळा सुबक काम करतो, पण त्याचे बारीक तुकडे लाकडाच्या रंध्रांत राहतात आणि पावसाळी हवेत गंजतात. ज्या लाकडात तुरट द्रव्य अधिक, उदाहरणार्थ बाभूळ, ऐन, खैर, त्यावर लोखंड आणि ओल एकत्र आले की निळे-काळे डाग पडतात, आणि ते निघता निघत नाहीत. म्हणून आम्ही तारेचा बोळा वर्ज्य केला. परसातल्या वाळलेल्या घोसाळ्याची जाळी वापरून पाहिली. ती पांढऱ्या घासणीच्या जवळपास काम देते, खर्च शून्य. चन्नपट्टणचे लाकडी खेळणी करणारे कारागीर लाखेवर झिलई आणण्यासाठी केवड्याचे पान वापरतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

घासणी हलक्या हाताने, लांब फेऱ्यांत, रेषांच्या दिशेने फिरवावी. पांढुरकी पूड निघते, ती पुसून मग लोकरीच्या तुकड्याने जोर लावून घोटावे. जुन्या स्वेटरची बाही याला उत्तम. लाकूड हाताला ऊबदार लागेपर्यंत घोटले की पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचसखलपणा कमी होतो, प्रकाश इतस्ततः न विखुरता एका दिशेने परततो, आणि जी झळाळी येते ती व्हार्निशच्या काचेसारख्या चमकेहून वेगळी असते. तेलाने लाकडाच्या रेषांची खोली वाढते आणि घोटाईने ती डोळ्यांना दिसते. हवे असल्यास शेवटी मेणाचा हात द्यावा. मेण पाण्याच्या पातेल्यात भांडे ठेवून वितळवावे, आचेवरून उतरवून, शेगडीपासून दूर नेऊन मगच त्यात टर्पेंटाइन मिसळावे. टर्पेंटाइन पेट घेते.

पेट घेण्याचा विषय निघाला आहे, तर या लेखाचे खरे कारण येथेच सांगतो. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी आगपेटीशिवाय, ठिणगीशिवाय, आपली आपण पेटू शकते. हे ऐकून पुष्कळांना अतिशयोक्ती वाटते. वर सांगितल्याप्रमाणे हे तेल प्राणवायूशी जोडले जाऊन सुकते, आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. फळीवर तेलाचा थर पसरलेला असतो. उष्णता हवेत निघून जाते, आपल्याला कळतही नाही. चिंधीत मात्र तेच तेल हजारो धाग्यांवर पातळ पसरलेले असते, त्यामुळे क्रिया वेगाने होते. आणि चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णतेला बाहेर पडायला वाट उरत नाही. आत ऊब वाढते, उबेने क्रिया अधिक वेगाने होते, त्याने ऊब आणखी वाढते. काही तासांत, बहुधा सर्व जण झोपले असताना, कापूस पेटतो. बेलतेलात सुकविणारे क्षार असल्याने त्याच्या चिंध्या कच्च्या तेलापेक्षा अधिक धोक्याच्या. तेलाने ओला झालेला लाकडाचा भुसा पोत्यात भरला तर तोही तसाच.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘वन मेरिडियन प्लाझा’ नावाची ३८ मजली इमारत होती. २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री तिच्या २२ व्या मजल्यावर आग लागली. भिंतींच्या लाकडी तक्तपोशीला जवसाचे तेल लावण्याचे काम तेथे चालू होते, आणि कामगार तेलाच्या चिंध्या तशाच टाकून गेले होते. १८ तासांहून अधिक काळ ती इमारत जळत राहिली. तीन अग्निशामक जवान मृत्यू पावले. ३० व्या मजल्यावर छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा होती, तेथे आग थांबली. त्याखालचे मजले जळून गेले. इमारत पुन्हा वापरात आली नाही, ती पाडावी लागली. एवढ्या साऱ्याचे मूळ काही मुठी चिंध्यांत होते.

आपले विद्यालय निवासी आहे. रात्री खोल्यांत मुले झोपलेली असतात, आणि सुतारकामाची खोली त्यांच्यापासून लांब नाही. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्याने आगीत दहा नवजात बालके गमावली. आगीविषयी भंडाऱ्यातील माणसाला आणखी काही सांगावे लागू नये. म्हणून तेलाचे काम सुरू करण्यापूर्वी आम्ही चिंध्यांची शिस्त आखली. कामावर घेतलेले प्रत्येक फडके मोजून दिले जाते आणि मोजून परत घेतले जाते. संख्या वहीत लिहिली जाते. एकही फडके कमी असेल तर ते सापडेपर्यंत खोलीला कुलूप लागत नाही. परत आलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्याखाली बुडवून ठेवतात. ज्यांना डबा ठेवणे शक्य नाही, त्यांनी प्रत्येक फडके उघड्या जागी, तारेच्या कुंपणावर एकेक पदर सुटे पसरावे, एकावर एक कधीही नको. भिंतीला किंवा गंजीला टेकूनही नको. पूर्ण सुकून ते पापडासारखे कडक झाले की धोका संपतो, मग कचऱ्यात टाकावे. खिशात ठेवू नये, स्कूटरच्या डिकीत ठेवू नये, आणि “उद्या पुन्हा लागेल” म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तर मुळीच ठेवू नये.

जपून वापरण्याची सवय आपल्याला मुळातच आहे, म्हणून हे अवघड जाते. विनयपिटकातील चुल्लवग्गात आनंद आणि राजा उदेन यांचा संवाद आहे. पाचशे चीवरांचे दान मिळाल्यावर राजा विचारतो की एवढ्या वस्त्रांचे करणार काय. आनंद सांगतात की ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती वाटू. जुन्यांची आच्छादने होतील, ती जीर्ण झाली की जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी, आणि शेवटी त्या चिंध्या कुटून मातीत मिसळून जमीन सारवू. त्याच ग्रंथात निवासाच्या देखभालीचेही बारीक नियम आहेत: खाट बाहेर काढताना दाराला घासू देऊ नये, गेरू दिलेली भिंत डागाळली तर फडके भिजवून, पिळून मग पुसावी. आपल्या मुलांना हा संवाद आम्ही सांगतो, आणि लगेच हेही सांगतो की तेलाचे फडके या साखळीत बसत नाही. ते त्याच दिवशी पाण्यात गेले पाहिजे.

तेल काय करीत नाही हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण त्याच्या गुणांविषयी भलत्या समजुती आहेत. त्याने वाळवी थांबत नाही. पाणी अडत नाही, फक्त थोडे मंदावते. ओला पेला रात्रभर ठेवला तर डाग पडतोच. बंद, दमट खोलीत तेलावर बुरशी येते, कारण जवसाचे तेल तिचे अन्नच आहे. अंधारात हे तेल पिवळे पडते, आणि कपाटाच्या आत लावल्यास वास महिनोन्महिने जात नाही, म्हणून कपाटे आणि खण आतून तेलाने कधी घोटू नयेत. तेथे चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश बरे. लाख तर आपल्याच भागातील पळसांवर पोसली जाते. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखाली बसविलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे उभ्या आहेत, त्या पाषाणाच्या आडोशामुळे आणि लाकडाच्या स्वतःच्या गुणामुळे. आडोसा नसेल तर कोणतेही तेल पुरे पडत नाही. आपल्या प्रवेशद्वाराच्या फळ्यांना म्हणूनच आधी वर पत्र्याची पडवी केली आणि नंतर तेल दिले.

मग तेलच का? दुरुस्ती सोपी आहे म्हणून. व्हार्निशला ओरखडा पडला तर सारी फळी खरवडावी लागते. तेलाच्या बाकावर डाग पडला तर तेवढीच जागा २२० च्या कागदाने घासावी, पोटलीने थोडे तेल द्यावे, पुसावे, घोटावे. आठवड्याने जागा ओळखू येत नाही. हे काम आठवीतला मुलगा किंवा मुलगी करू शकते, आणि जिने एकदा बाक घोटले ती त्यावर कर्कटक चालवत नाही, असा आमचा अनुभव आहे. अपवादही आहेत, त्यांची नावे बाकांवर आहेत.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पोळपाट, लाटणे, चाटू यांना दुकानातील बेलतेल लावू नये, त्यात धातूंचे क्षार असतात. घाणीचे कच्चे, खाण्याचे जवस तेल घ्यावे, अगदी पातळ हात द्यावा, उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे हवेशीर जागी सुकू द्यावे. मुलांच्या क्रिकेटच्या बॅटलाही तेच कच्चे तेल, दर्शनी बाजूला आणि कडांना, दांड्याला आणि मागच्या स्टिकरांना वगळून. बॅट आडवी ठेवून सुकवावी. दोन्हींच्या चिंध्यांना वरचाच नियम. कच्चे तेल आहे, खाण्याचे आहे, म्हणून सूट नाही.

वाचनालयातील लांब मेजे आणि सभागृहाचा चौरंग यांचे काम अजून व्हायचे आहे. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की ते हाती घेऊ. ज्या माजी विद्यार्थ्यांना त्या वेळी येणे शक्य असेल त्यांनी जुना सुती कपडा सोबत आणावा. तो परत मिळणार नाही.